चांगले, मध्यम, वाईट

1892 साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या डब्ल्यू. एल. स्ट्रेंज या इंजिनिअरने एक तक्ता तयार केला. मी पाटबंधारे खात्यात लागले तेव्हा नाशिकच्या उपविभागांत तो हाताशी ठेवलेला असे. निवृत्त झाले तेव्हाही कुठल्या ना कुठल्या पाझर तलावाच्या अंदाजपत्रकाला त्याची झेरॉक्स जोडलेली होतीच. सरकारी कागदाला एवढे आयुष्य सहसा लाभत नाही.

तक्ता साधा आहे. पहिल्या रकान्यात पावसाळ्याचा एकूण पाऊस. पुढे तीन रकाने: पाणलोट चांगला, मध्यम, वाईट. पाऊस शोधायचा, बोट आडवे सरकवायचे आणि त्यातले किती टक्के पाणी ओढ्याला येईल ते वाचायचे. एक हजार मिलिमीटर पावसाला चांगल्या पाणलोटातून साधारण 37 टक्के, मध्यमातून 27-28, वाईटातून 18. डोंगर तोच, पाऊस तोच, पण एका विशेषणावर धरणाचा येवा (धरणात येणारे पाणी) दुप्पट होतो किंवा निम्म्यावर येतो.

हे विशेषण ज्याने त्याने जागेवर उभे राहून ठरवायचे असते. आणि इथे ‘चांगला’ म्हणजे इंजिनिअरच्या दृष्टीने चांगला. उघडाबोडका, कातळाचा, पाणी न मुरवता धरणाकडे ढकलून देणारा डोंगर तक्त्यात पहिला येतो. झाडी असलेला, माती धरून ठेवणारा, विहिरींना पाझर देणारा डोंगर ‘वाईट’ ठरतो. वनखात्याच्या माणसाला हा तक्ता दाखवला तर तो तिन्ही रकान्यांची नावे उलटी लिहील.

सर्वेक्षणाची जीप बहुधा एप्रिल-मे महिन्यांत निघते, कारण पावसाळ्यात पेठ-सुरगाण्याकडचे रस्ते धड नसतात आणि मार्चअखेरपर्यंत बिलांतून डोके वर निघत नाही. वैशाखात सह्याद्रीचा कुठलाही उतार करपलेला आणि कडक दिसतो, म्हणजे ‘चांगला’. तोच उतार भाद्रपदात पाहिला तर गुडघाभर गवत आणि नाचणीची शेते. शिवाय तलावाचा खर्च मापदंडात बसवायचा असतो. साठ्याच्या दर दशलक्ष घनफुटामागे अमुक रुपयांपेक्षा जास्त खर्च आला की प्रस्ताव परत येतो. रकाना मध्यमवरून चांगल्यावर नेला की येवा वाढतो, साठा वाढतो, दर खाली येतो. खोटे कोणी लिहीत नव्हते. तीन विशेषणांपैकी सोयीचे तेवढे निवडले जात होते, इतकेच. खात्यातल्या आयुष्याचा मोठा भाग मी असले आकडे तपासण्यात घालवला. माझे मत असे की स्ट्रेंजसाहेबाचा तक्ता ढोबळ होता, पण प्रामाणिक होता. माणसाचा निर्णय कुठे आहे हे त्यात उघड दिसत असे. वरिष्ठाने वहीत ‘मध्यम’ला गोल करून बाजूला लाल शाईने ‘का?’ लिहिले की खालच्याला उत्तर द्यावे लागे.

स्ट्रेंजनंतर साधारण 40 वर्षांनी इंग्लिस आणि डिसूझा यांनी मुंबई इलाख्यातल्या अनेक ठिकाणच्या नोंदी घेऊन दोन सूत्रे बसवली, एक घाटाच्या मुलखासाठी आणि दुसरे दख्खनच्या पठारासाठी. हे इंग्लिस म्हणजे पुढे खडकवासल्याच्या संशोधन केंद्रामुळे प्रसिद्ध झालेले सर क्लॉड इंग्लिस. विशेषणे गेली, शुद्ध गणित आले, असे तेव्हा अनेकांना वाटले असेल. पण आता प्रश्न असा की घाट कुठे संपतो?

नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न फार टोचतो. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्र्यंबकला त्याहून कमी पण भरपूर, नाशिक शहरात सातशेच्या आसपास, आणि निफाड-सिन्नरकडे द्राक्षाच्या बागेला टँकर लागावा अशी परिस्थिती. हे सारे शंभर किलोमीटरच्या आत. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरून पूर्वेला निघालात तर वाटेत कुठेतरी घाट सुटतो आणि पठार लागते, पण तिथे दगड रोवलेला नाही. मधल्या पट्ट्यात समजा शंभर सेंटिमीटर पाऊस पडतो. घाटाचे सूत्र सांगते, 54 सेंटिमीटर पाणी वाहून येईल. पठाराचे सूत्र म्हणते, 32. इंग्रजांनी 1907 मध्ये नांदूरमध्यमेश्वरला बंधारा घातला आणि 1916 मध्ये दारणा धरण पुरे केले, तेव्हा यांतले एकही सूत्र हाताशी नव्हते. दारणा मात्र घाटाच्या पोटाशी, पावसाच्या तोंडावरच बांधले. जागा निवडणाऱ्याने आकडेमोडीपेक्षा ढगांकडे जास्त पाहिले असावे.

इंग्लिस यांचे आणखी एक सूत्र आहे, पुराचे. पंख्याच्या आकाराच्या घाटातल्या पाणलोटांसाठी ते वापरतात. क्षेत्र चौरस मैलांत घ्यायचे, सात हजाराने गुणायचे आणि क्षेत्र अधिक चार याच्या वर्गमुळाने भागायचे. उत्तर क्यूसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट या मापात येते. नाशिकच्या वरच्या अंगाला असलेल्या गंगापूर धरणाचे पाणलोट क्षेत्र सुमारे 357 चौरस किलोमीटर, म्हणजे 138 चौरस मैल आहे. गणित करून पाहा. उत्तर 81 हजार क्यूसेकच्या आसपास येते, आणि गंगापूरच्या नऊ दरवाजांच्या सांडव्याची क्षमताही 81 हजार क्यूसेकच्या आसपासच आहे. 1965 मध्ये पूर्ण झालेल्या धरणाच्या कागदांत हा योगायोगाने जुळलेला आकडा असेल असे मला वाटत नाही.

आता हे सात हजार कुठून आले? इलाख्यातल्या नद्यांना आलेले मोठे पूर आलेखावर ठिपक्यांनी मांडले आणि त्या सगळ्यांच्या वरून जाईल अशी एक वक्ररेषा ओढली. रेषा किती वर ओढायची, कुठला ठिपका विश्वासाचा, कुठला गावकऱ्यांनी भीतीपोटी वाढवून सांगितलेला, हे ओढणाऱ्याने ठरवले. त्या हाताच्या अदमासावर आजचे नाशिक उभे आहे. अदमास वाईट नव्हता हे धरणाने साठ वर्षे दाखवले. मला आदर वाटतो तो याचा, की त्या माणसाला मुलूख माहीत होता.

नाशिकचे लोक पुराचे माप वेगळ्याच पट्टीने घेतात. इथे गोदावरीला गंगा म्हणतात आणि पूर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. कमरेला पाणी, छातीला पाणी, गळ्याशी पाणी. त्याच्या पुढे सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार माल वरच्या मजल्यावर हलवायला लागतात. नारोशंकराच्या देवळावरची वसईहून आणलेली घंटाही पुराच्या गोष्टीत असतेच. मारुती हे उत्तम गेज आहे, कारण ते चोरीला जात नाही आणि त्याला रजा लागत नाही. पण उंची आणि प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मारुतीच्या भोवतालचे घाट बदलले, रामकुंडाभोवती तळाला काँक्रीट पडले, पूल वाढले. तेवढेच क्यूसेक पाणी पूर्वी जिथे लागत होते तिथेच आज लागेल असे नाही. ‘1969 ला गळ्याशी होते आणि आताही गळ्याशी, म्हणजे पूर तेवढाच,’ हे वाक्य मी शिकल्यासवरल्या माणसांकडूनही ऐकले आहे.

आमच्या मोजणीची अवस्था फार वेगळी होती असे मात्र समजू नका. होळकर पुलाखालून इतके हजार क्यूसेक चालले आहेत, असे पुराच्या दिवशी सांगितले जाते. तो प्रवाह कोणी मोजलेला नसतो. पाण्याची पातळी वाचलेली असते आणि पातळीवरून प्रवाह काढणारा एक आलेख आधीच तयार असतो. तो आलेख लहान-मध्यम प्रवाहांत मोजणी करून बनवलेला असतो, कारण पूर ऐन भरात असताना नदीत वेगमापक सोडायची कोणाची छाती होत नाही. वरचा भाग पेन्सिलने पुढे वाढवलेला असतो. जो भाग आपल्याला सर्वांत जास्त लागतो, तोच सर्वांत कमी मोजलेला.

पावसाचेही तसेच. साध्या पर्जन्यमापकाची बाटली सकाळी साडेआठला काढायची, पाणी काचेच्या मापात ओतायचे आणि आकडा लिहायचा. काम पाच मिनिटांचे, पण वर्षभर रोज. घाटमाथ्यावरच्या एका केंद्राची नोंदवही माझ्याकडे तपासायला आली होती. जुलैचे सगळे आकडे शून्य किंवा पाचवर संपत होते. रिमझिमीचे दोन-तीन मिलिमीटर असे त्या वहीत काही पडतच नव्हते. आणि महिन्यातून एकदा, बहुधा सोमवारी, दणकून पाऊस होई, कारण शनिवार-रविवारचेही पाणी त्याच बाटलीत साचलेले असे. निरीक्षक गावातलाच, मानधन तुटपुंजे, घरची भातलावणी चालू. त्याला दोष देणे सोपे आहे. पण त्या वहीतले आकडे पुढे गेले, सरासरीत मिसळले, आणि 25 वर्षांनी कोणी संगणकात भरले तेव्हा ते दोन दशांश स्थळांपर्यंत शुद्ध दिसत होते.

संगणक आमच्याकडे खऱ्या अर्थाने आला तो जागतिक बँकेच्या मदतीने 1995 मध्ये सुरू झालेल्या जलविज्ञान प्रकल्पामुळे. राज्याच्या पाण्याच्या नोंदींचे भांडार नाशिकलाच उभे राहिले, दिंडोरी रोडवर, मेरीच्या शेजारात. मेरी म्हणजे 1959 पासूनची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था. धरणांची संकल्पचित्रे काढणारी मध्यवर्ती संघटनाही याच शहरात. म्हणजे महाराष्ट्रातल्या नद्यांचा हिशेब नाशिकच्या एका रस्त्यावर होतो, असे म्हटले तरी चालेल. स्वयंचलित यंत्रे आली, जुन्या नोंदवह्या संगणकात गेल्या, शेजारच्या केंद्रांशी ताडून संशयास्पद आकडे बाजूला काढता येऊ लागले. हा बदल मोठा होता आणि चांगला होता, यात वाद नाही.

पण त्यासोबत एक गोष्ट गेली. पूर्वी ‘मध्यम’ला गोल केलेला दिसायचा. आता तोच निर्णय एखाद्या गुणकाच्या पोटात जाऊन बसला. पाऊस पडण्याआधी माती किती ओली धरायची, शेताला आणि झुडपाला कुठला क्रमांक द्यायचा, नदीचा तळ किती खडबडीत मानायचा, हे सगळे मॉडेल चालवणारा एका चौकटीत टाइप करतो आणि पुढे जातो. अहवालात शेवटी रंगीत नकाशा येतो. सहीखाली संगणकप्रणालीचे नाव असते. निर्णय घेणाऱ्या माणसाचे नाव नसते.

खडबडीतपणाचेच घ्या. गोदावरीच्या नाशिकमधल्या पात्रात कुठे कातळ आहे, कुठे काँक्रीटचा घाट, कुठे बाभळी, कुठे जलपर्णी. पुलांच्या खांबांना पुरात ओंडके आणि प्लास्टिक अडकते ते वेगळेच. या साऱ्यासाठी एक गुणक निवडायचा असतो. 0.030 घेतला तर कोणी हरकत घेणार नाही, 0.040 घेतला तरी नाही. पुस्तकात दोन्ही बसतात. रुंद पात्रात, प्रवाह आणि उतार तोच ठेवून, गुणक 0.030 वरून 0.040 केला की पाण्याची खोली सुमारे 19 टक्क्यांनी वाढते. आठ मीटर खोलीच्या पुरात हा फरक दीड मीटरचा होतो. काठावर दीड मीटर म्हणजे किती वाडे आत आणि किती बाहेर, हे जुन्या नाशिकमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको.

हे केवळ आमच्याकडचे दुखणे नाही. जर्मनीत कोटबुसजवळ सुमारे सहा हेक्टरांचे एक कृत्रिम पाणलोट क्षेत्र मुद्दाम तयार केलेले आहे. चिकन क्रीक या नावाने ते ओळखले जाते. दहा मॉडेलकारांना त्याची माती, उतार, पाऊस यांची माहिती दिली, वाहिलेल्या पाण्याची नोंद मात्र लपवून ठेवली, आणि प्रवाह किती आला असेल ते सांगा म्हटले. 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उत्तरे एकमेकांपासून फार दूर होती, आणि तीन वर्षांचा जलताळेबंद कोणालाच जमला नव्हता. माती वाळूसारखी भरड, तेव्हा पाणी मुरून जमिनीखालून येईल असे बहुतेकांनी धरले होते. प्रत्यक्षात बरेच पाणी पृष्ठभागावरून धावत होते. फरकाचे मोठे कारण म्हणून संशोधकांनी मॉडेल बनवणाऱ्यांच्या वैयक्तिक निर्णयाकडे बोट दाखवले. स्ट्रेंजच्या तीन रकान्यांशी झगडलेल्या कुठल्याही शाखा अभियंत्याला हे वाचून आश्चर्य वाटणार नाही. मला विशेष वाटले ते याचे, की त्यांनी दहाही उत्तरे शेजारी शेजारी छापली. आपल्याकडे एकच उत्तर छापतात.

2008 च्या सप्टेंबरमधल्या पुरानंतर नाशिकमध्ये पूररेषेचा प्रश्न ऐरणीवर आला. नियम जुना आहे, 1989 च्या परिपत्रकापासूनचा. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळीच्या आत बांधकाम नाही, निळी आणि लाल यांच्यामध्ये अटींसह. ज्यांचे पडके वाडे या रेषांत आले त्यांना दुरुस्तीची, पुनर्बांधणीची वाट सापडेना. ज्यांचे भूखंड थोडक्यात बाहेर राहिले त्यांचे भाव चढले. 2 ऑगस्ट 2016 ला आणि पुन्हा 4 ऑगस्ट 2019 ला मोठे पूर आले, आणि दर वेळी रेषा आत हवी की बाहेर हवी यावर वाद झाले. पण 100 वर्षांचा पूर म्हणजे नेमके काय, तो किती वर्षांच्या नोंदींवरून काढला, धरणाचा विसर्ग किती धरला, आणि नासर्डी, वाघाडी, सरस्वती नाल्याचे शहरातलेच पाणी त्यात किती मिळवले, हे विचारणारा माणूस त्या वादात मला फारसा भेटला नाही. शहर पसरले तसे या नाल्यांचे पाणलोट सिमेंटचे झाले. स्ट्रेंजच्या भाषेत ते आता अत्यंत ‘चांगले’ आहेत.

दुसरे भांडण त्याहून मोठे आहे, पैठणच्या जायकवाडी धरणाचे. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, 1976 मध्ये इंदिरा गांधींनी लोकार्पण केले. पैठणपर्यंतचे गोदावरीचे सगळे पाणी महाराष्ट्राने वापरावे, हे 1975 च्या आंतरराज्य करारात ठरले. पण महाराष्ट्रात ते नाशिक-नगरने किती आणि मराठवाड्याने किती वापरायचे, याचे उत्तर करारात नव्हते. उत्तर येव्याच्या हिशेबात होते, आणि येवा प्रत्येकाचा वेगळा. 75 टक्के विश्वासार्हतेचा, म्हणजे चारांतली तीन वर्षे तरी मिळेल असा येवा काढताना वर्षे उतरत्या क्रमाने मांडतात. कुठल्या वर्षापासून सुरुवात करायची यावर आकडा हलतो. नदीचा नैसर्गिक प्रवाह काढायचा तर वरच्या धरणांनी अडवलेले, कालव्यांनी नेलेले, बाष्पीभवनाने उडालेले पाणी परत मिळवावे लागते. आणि नदीकाठच्या हजारो विजेच्या मोटारींनी उपसलेले? ते कोणी मोजलेले नाही. तिथे जो तो आपापला अंदाज घालतो, आणि अंदाज बहुधा आपल्या जिल्ह्याच्या बाजूने झुकतो. नाशिकचा असो की संभाजीनगरचा, मी दोन्हीकडचे कागद पाहिले आहेत.

हिरालाल मेंढेगिरी समितीच्या 2013 च्या अहवालाने जलाशयांच्या परिचालनाची गणिते मांडली. त्याच्या आधारे महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने 19 सप्टेंबर 2014 ला आदेश दिला आणि 2016 मध्ये उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे. पुढे याचे पुनर्विलोकन मेरीच्या महासंचालकांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाकडे गेले आणि हा आकडा खाली आणण्याची शिफारस झाली. मराठवाड्याने लगेच विरोध केला. 65 बरोबर की त्याहून कमी, यावर माझे मत इथे सांगत नाही, कारण मी निफाडची आहे आणि ते कोणी ऐकून घेणार नाही. पण 65 हा आकडा नदीने दिलेला नाही. काही माणसांनी, काही गृहीतकांवर, विचार करून तो ठरवला आहे, आणि म्हणूनच तो तपासता येतो.

माणसाचा निर्णय मॉडेलमधून काढून टाका, असे मी म्हणत नाही. तो काढता येत नाही. ज्याने ब्रह्मगिरीवरचा आषाढ पाहिलेला नाही त्याने बसवलेल्या गुणकापेक्षा त्र्यंबकजवळच्या आंबोलीच्या किंवा काश्यपीच्या पर्जन्यमापकावर दहा वर्षे काढलेल्या माणसाचा अदमास मला जास्त विश्वासाचा वाटतो. माझा आक्षेप निर्णय लपवण्याला आहे. प्रत्येक पूररेषेच्या नकाशाला आणि प्रत्येक येव्याच्या अहवालाला एक साधे पान जोडा: कुठला गुणक निवडला, दुसरा कुठला निवडता आला असता, त्याने उत्तर किती बदलले असते, आणि निवड कोणी केली. खर्च शून्य आहे.

2027 च्या सिंहस्थाची अमृतस्नाने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. त्या दिवसांत गंगापूर धरण भरलेले असू शकते आणि रामकुंडावर लाखो माणसे असतील. तोवर तुमच्या गल्लीच्या पूररेषेवर हरकती मागवल्या, तर रेषा हलवा एवढेच लिहून अर्ज देऊ नका. तीन गोष्टी लेखी मागा: पूर किती क्यूसेकचा धरला, पात्राचा खडबडीतपणा किती धरला, आणि नोंदी कुठल्या वर्षापासूनच्या घेतल्या. माहिती अधिकारात अर्जाला दहा रुपये लागतात.